घरचे फोटो कुठे ठेवायचे, कशात शोधायचे, कशात सुधारायचे?

घरातल्या फोटोंची व्यवस्था लावायला बसलं की पहिला प्रश्न असतो, "चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?" त्याच्याही आधी दुसरा विचारून घ्या: हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं, तर माझ्याकडे काय उरेल?

पिकासा आठवतंय? एके काळी बऱ्याच घरांतल्या कॉम्प्युटरवर फोटो लावायला तेच असायचं. फुकट होतं, वापरायला सोपं होतं, चेहरे ओळखायचं, आणि गूगलचं होतं, म्हणजे कायमचं असणार असं सगळ्यांनी धरून चाललेलं. मार्च २०१६ मध्ये गूगलने ते बंद केलं. फोटो गेले नाहीत, कारण पिकासा मूळ फाइलींना सहसा हात लावत नसे. पण ज्यांनी सुट्टीभर बसून चेहऱ्यांना नावं दिली, अल्बम लावले, त्यांचं बरंचसं काम पिकासाच्या स्वतःच्या छोट्या फाइलींत अडकून पडलं. आजही जुन्या कॉम्प्युटरवर पिकासा चालवणारे काका पुण्यात सापडतात. तो कॉम्प्युटर ते फक्त त्याच्यासाठी ठेवतात.

म्हणून खालची सगळी तुलना एकाच बाजूने केली आहे. आत शिरणं सगळीकडे सोपंच असतं, बाहेर पडताना काय हाती लागतं ते बघायचं. आणखी एक लक्षात घ्या. फोटो सांभाळणं, हवा तो शोधणं आणि खराब असलेला सुधारणं ही तीन निरनिराळी कामं आहेत. तिन्ही उत्तम करणारं एकच सॉफ्टवेअर शोधत बसलात तर दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत फक्त परीक्षणंच वाचत बसाल.

पायरी १ : सगळं एका जागी आणा

सॉफ्टवेअरवर एक रुपयाही खर्च करण्याआधी बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्या. बहुतेक घरांना एक ते दोन टीबी पुरते. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, पण बिल आणि वॉरंटी घ्या. "बिल नको असेल तर दोनशे कमी करतो" या बोलण्यात अडकू नका.

डिस्कवर 'जमा' नावाचा एक फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक ठिकाणाहून आलेला माल वेगवेगळा ठेवा: आईचा जुना फोन, बाबांचा लॅपटॉप, कॅमेऱ्याची कार्डं, पेन ड्राइव्ह, सीड्या. फाइली 'कॉपी' करा, 'कट' करू नका. मधेच काही अडलं तरी मूळ जागचं शाबूत राहतं. बऱ्याच भागांत महावितरणची दुरुस्तीची कामं गुरुवारी निघतात, तेव्हा मोठी कॉपी बुधवारी रात्री लावून झोपू नका.

सुरुवात सीडी-डीव्हीडीपासून करा. लग्नाच्या फोटोग्राफरने दिलेल्या डिस्कवर जो रंगाचा थर असतो, तो वर्षांगणिक खराब होत जातो आणि एक दिवस डिस्क वाचलीच जात नाही. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीवर चालणारा स्वस्तात मिळतो, आणि सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर कुणाकडे तरी पडलेला निघतोच.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंचं प्रकरण वेगळं आहे. तिथून आलेला फोटो लहान केलेला असतो आणि आतली तारीख, ठिकाण, कॅमेऱ्याची माहिती पुसलेली असते. अँड्रॉइड फोनवर निदान फाइलच्या नावात तो आला तो दिवस असतो, तेवढाच आधार. तेव्हा भाचीच्या मुंजीचे चांगले फोटो ज्याने काढलेत त्याला सांगा, "डॉक्युमेंट म्हणून पाठव." असं पाठवलं की मूळ फाइल जशीच्या तशी येते. उरलेला व्हॉट्सअ‍ॅपचा ढिगारा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यातली गुलाबाची फुलं, शुभ सकाळ आणि सोसायटीच्या पाण्याच्या नोटिसा आधी उडवा. हे काम हातानेच करावं लागतं, पण त्यासाठी फास्टस्टोन किंवा इरफानव्ह्यू वापरा. दोन्ही विंडोजवर घरगुती वापरासाठी फुकट आहेत आणि एका बटणासरशी पुढचा फोटो दाखवतात. जुन्या, मंद कॉम्प्युटरवर तर यांना तोड नाही.

सगळं एकत्र आलं की एकच फोटो चार ठिकाणी सापडेल. च्काफ्का (Czkawka) किंवा डुपगुरू (dupeGuru) ही फुकट सॉफ्टवेअर्स दुहेरी फाइली शोधून देतात. फक्त तंतोतंत सारख्या असतील त्याच आधी उडवा. 'साधारण सारखे' हा पर्याय जपून वापरा. आपल्याकडे सगळे एकाच जागी उभे राहून पाच फोटो काढतात, आणि त्यातल्या एकाच फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे असतात.

पायरी २ : फोल्डर साधे ठेवा

वर्षाचा एक फोल्डर, त्यात प्रसंगांचे. नावाच्या सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहा, जसं '2024-09-17 विसर्जन लक्ष्मी रोड'. या क्रमाने लिहिलं की यादी आपोआप कालक्रमाने लागते. फोल्डरच्या नावातले आकडे मात्र इंग्रजी अंकांत लिहा; देवनागरी अंक लावले तर सगळी उपकरणं ते नीट क्रमाने लावतीलच असं नाही. ज्या दिवशी खास काही नव्हतं त्याचे फोटो महिन्याच्या फोल्डरमध्ये जाऊ देत. एवढंच. 'कुटुंब', 'प्रवास', 'इतर' असे विषयवार फोल्डर करू नका, कारण सिंहगडावर काढलेला आजोबांचा फोटो 'कुटुंब'मध्ये की 'प्रवास'मध्ये, हा वाद कधी मिटत नाही.

पायरी ३ : सॉफ्टवेअर निवडा

प्रत्येकाला चार प्रश्न विचारा. मूळ फाइल कुठे राहते? मी दिलेली नावं आणि मजकूर फाइलीत जातो की सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या वहीत? पैसे भरणं थांबवलं तर काय होतं? आणि घरातल्या सगळ्यांना, म्हणजे अँड्रॉइडवाल्या आईला आणि आयफोनवाल्या मुलीला, एकत्र वापरता येतं का?

*गूगल फोटोज.* बहुतेकांच्या फोनमध्ये हे आधीपासून असतं, आणि शोधण्याच्या बाबतीत त्याचा हात धरणारं कुणी नाही. चेहरा, ठिकाण, 'समुद्र', 'वाढदिवस', काहीही टाका, समोर आणून ठेवतं. २०१५ ला ते आलं तेव्हा थोड्या कमी प्रतीचे फोटो अमर्याद ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून ती सोय संपली. आता फुकटात १५ जीबी, तेही जीमेल आणि ड्राइव्ह मिळून. साडेतीन-चार एमबीचा एक फोटो धरला तर चार हजार फोटोंत जागा संपते, आणि व्हिडिओ असतील तर त्याच्या कितीतरी आधी. फोर-के मध्ये काढलेला ढोल-ताशा पथकाचा एका मिनिटाचा व्हिडिओ १७० पासून ३५० एमबीपर्यंत जातो. जागा भरली की फोटो चढायचे थांबतात, शिवाय जीमेलवर पत्रं येणंही थांबतं, आणि बँकेचं स्टेटमेंट का आलं नाही याचा शोध दोन आठवड्यांनी लागतो. १०० जीबीला महिन्याला साधारण १३० रुपये पडतात. 'स्टोरेज सेव्हर' निवडलं तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात आणि व्हिडिओ १०८० पीवर येतात. घरच्या फोटोंना ते चालतं, पण मग ती तुमची मूळ प्रत नाही हे ध्यानात ठेवा.

नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते: "क्लाउडवर आहेत ना, मग फोनमधून उडवते." गूगल फोटोजच्या अ‍ॅपमधून उडवलेला फोटो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. चढवलेला फोटो कचऱ्याच्या डब्यात ६० दिवस असतो, नंतर कायमचा गेला. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्यासाठी अ‍ॅपमध्ये वेगळा पर्याय आहे, त्यानेच करा.

बाहेर पडायचं तर 'टेकआउट' नावाची सोय आहे. सगळे फोटो झिप फाइलींत मिळतात, पण तुम्ही अ‍ॅपमध्ये बदललेल्या तारखा आणि लिहिलेला मजकूर फोटोच्या शेजारी वेगळ्या जेसॉन (साध्या मजकुराच्या) फाइलींत येतो, फोटोच्या आत नाही. त्या फाइली फेकू नका. पुढे एक्झिफटूलसारख्या साधनाने ती माहिती फोटोत भरता येते. एकूण, दार आहे, पण जरा वाकून बाहेर पडावं लागतं.

ज्येष्ठांच्या खात्याबद्दल एक गोष्ट. दोन वर्षं खातं कुणी वापरलंच नाही तर गूगल ते आतल्या सगळ्यासकट काढून टाकू शकतं. खात्याच्या सेटिंगमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे; त्यात मुलाचा किंवा मुलीचा पत्ता आजच घालून ठेवा. विषय काढायला अवघड वाटतो, पण काम पाच मिनिटांचं आहे.

*अ‍ॅपल फोटोज.* घरात सगळ्यांकडे आयफोन आणि शिवाय मॅक असेल तर दुसरीकडे बघायचं कारण नाही. दिसायला सुंदर, चेहरे ओळखण्यात चांगलं, आणि संपादन कधीही मागे घेता येतं. आयक्लाउडवर फुकट फक्त ५ जीबी, त्यामुळे आज ना उद्या पैसे भरावे लागतात. घरातल्या सहा जणांपर्यंत एकच सामाईक लायब्ररी करता येते, पण ते सहाही अ‍ॅपलवालेच हवेत. आपल्याकडे तिथेच घोडं अडतं. फोनमध्ये जागा वाचवायचा पर्याय चालू असेल तर पूर्ण आकाराचा फोटो फक्त क्लाउडवर असतो, फोनमध्ये असते ती लहान प्रत. त्यामुळे "माझ्या फोनमध्ये सगळं आहे" हे खरं नसतं. मॅकवरून बाहेर काढताना 'मूळ फाइल निर्यात करा' हाच पर्याय घ्या. २०१७ पासून आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो आणि जुन्या विंडोजवर ते उघडत नाहीत. नातेवाइकांना द्यायची प्रत जेपीजीत करून द्या, मूळ एचईआयसी तशीच ठेवा.

*विंडोजचं फोटोज.* बघायला, कापायला, सरळ करायला पुरेसं. वर्षानुवर्षांचा संग्रह लावायचं ते साधन नाही.

*डिजिकॅम.* घरच्या संग्रहासाठी माझं मत याला. फुकट आणि मुक्त-स्रोत (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला) आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि फोटो तुमच्याच डिस्कवर तुमच्याच फोल्डरांत राहतात. चेहरे ओळखतं तेही तुमच्याच कॉम्प्युटरवर, इंटरनेटवर काही न पाठवता. फक्त सुरुवातीला त्यासाठीच्या मोठ्या फाइली उतरवून घ्याव्या लागतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नावं, खुणा आणि मजकूर ते फोटोच्या फाइलीतच लिहू शकतं, आणि तेही इतर सॉफ्टवेअर्सना वाचता येईल अशा ठरलेल्या पद्धतीने. बसवल्या बसवल्या सेटिंगमध्ये मेटाडेटा (फोटोबरोबरची माहिती) या भागात जाऊन ते पर्याय चालू आहेत ना ते बघा. गूगल फोटोज फाइलीतली चेहऱ्यांची नावं विचारात घेत नाही, हे मात्र धरून चाला.

दोष? दिसायला ते एसटीच्या वेळापत्रकासारखं आहे: सगळं आहे, पण हवं ते सापडायला नजर बसावी लागते. मोठा संग्रह पहिल्यांदा वाचायला कित्येक तास घेतं. फोनसाठी अ‍ॅप नाही. आईला हे शिकवायला जाऊ नका. घरातल्या एकाने डिजिकॅम सांभाळावं आणि बाकीच्यांनी फोनवर गूगल फोटोजमध्ये बघावं, ही विभागणी चालते.

*लाइटरूम.* अडोबीचं हे सॉफ्टवेअर २००७ ला आलं. २०१५ ची सहावी आवृत्ती एकदाच पैसे भरून मिळणारी शेवटची. आता दरमहाचं किंवा वर्षाचं भाडं. नावांचा गोंधळ समजून घ्या: 'लाइटरूम क्लासिक' तुमच्या डिस्कवरच्या फोटोंवर काम करतं, नुसतं 'लाइटरूम' मुख्यतः अडोबीच्या क्लाउडभोवती फिरतं. कवडीपाटला पहाटे जाऊन पक्ष्यांचे रॉ फोटो (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, जेपीजी न केलेली) काढत असाल, भिगवणच्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी मोठी लेन्स घेतली असेल, तर क्लासिकचं भाडं वसूल होईल. भाडं थांबवलं तरी क्लासिकमधला संग्रह बघता येतो, फोटो बाहेर काढता येतात. सुधारणा करायचा आणि नकाशाचा असे विभाग तेवढे बंद होतात. हे बरंच सभ्य आहे. वाढदिवस आणि सहलींच्या जेपीजी फोटोंसाठी मात्र लाइटरूम घेऊ नका. रॉ काढता पण भाडं नको, असं असेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी. दोन्ही फुकट आणि दोन्ही ताकदवान, पण शिकायला महिना-दोन महिने लागतात हे आधीच मान्य करा.

अडोबीचंच फोटोशॉप एलिमेंट्स हे घरगुती वापरासाठीचं, त्यात संग्रह लावायचा वेगळा विभागही आहे. पूर्वी ते एकदा घेतलं की आपलं व्हायचं. २०२५ च्या आवृत्तीपासून परवाना तीन वर्षांचा असतो. जुन्या परीक्षणांत "एकदाच पैसे" असं वाचलं असेल तर ते आता धरू नका.

*इमिच.* घरातच एक छोटा सर्व्हर चालवून गूगल फोटोजसारखी सोय स्वतःची करायची, असं हे मुक्त-स्रोत साधन. फोनवरून आपोआप फोटो चढतात, चेहरे ओळखले जातात, नकाशा दिसतो. हिंजवडीतल्या जावयाने शनिवार-रविवारात बसवून दिलं तर अप्रतिम चालतं. फक्त जावई पुढच्या वर्षी जर्मनीला गेला, तर अपडेट कोण करणार आणि डिस्क भरली तर कोण बघणार, हे आधी ठरवा. इमिच बनवणारेही मूळ फोटोंची दुसरी प्रत बाहेर ठेवायला सांगतात, ते ऐका.

तर निवड कशी करायची? मूळ प्रती हार्ड डिस्कवर वर्षवार फोल्डरांत, व्यवस्था डिजिकॅममध्ये, आणि फोनवर बघायला, शोधायला, नातेवाइकांना दाखवायला गूगल किंवा अ‍ॅपल. तेवढी मेहनत नको असेल, तर डिजिकॅम वगळा. पण डिस्क आणि फोल्डर वगळू नका. आणि वर्षाचं शुल्क भरण्याआधी एक चाचणी घ्या: त्या सेवेत एका वर्षाचे फोटो चढवा, दोन-चारांवर मजकूर लिहा, आणि सगळे परत उतरवून डिस्कवर उघडून बघा. काय काय परत आलं ते डोळ्यांनी दिसेल.

पायरी ४ : तारखा दुरुस्त करा

फोटोच्या फाइलीत एक्झिफ नावाची माहिती असते: कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, कधीकधी कुठे. सगळी सॉफ्टवेअर्स फोटो लावतात ते याच तारखेवर. ती चुकली की सगळा क्रम कोलमडतो.

नेहमीचं उदाहरण घ्या. डिसेंबरात पुण्यात लग्न आहे, कॅलिफोर्नियाहून चुलतभाऊ आला आहे आणि त्याच्या कॅमेऱ्याचं घड्याळ तिकडच्याच वेळेवर आहे. फोन आपली वेळ आपोआप बदलतो, कॅमेरा बदलत नाही. दोन्हींत साडेतेरा तासांचा फरक. परिणामी सकाळी अकराच्या मुहूर्ताची मंगलाष्टकं त्याच्या फोटोंत आदल्या रात्री साडेनवाला होतात आणि सीमांतपूजनात मिसळून जातात. डिजिकॅममध्ये त्याचे सगळे फोटो निवडा, वेळ बदलायचं साधन उघडा आणि साडेतेरा तास पुढे ढकला. एका झटक्यात सगळे जागेवर येतात. उन्हाळ्यातलं लग्न असेल तर तिकडचं घड्याळ तासभर पुढे असतं, म्हणून साडेबारा तास.

कॅमेऱ्याची बॅटरी काढल्यावर घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर गेलं असेल, तर एका फोटोची खरी वेळ कुठूनतरी मिळवा. भिंतीवरचं घड्याळ किंवा त्याच क्षणी फोनने काढलेला फोटो पुरतो. त्यावरून फरक काढा आणि बाकीच्यांना लावा.

पायरी ५ : चेहऱ्यांना नावं

हे काम एका बसणीत होत नाही, करूही नका. सॉफ्टवेअरने गट पाडून दिले की आधी घरातल्या माणसांची नावं द्या. नाव लिहिताना 'आजी', 'मामा', 'आत्या' लिहू नका. तुमची आत्या ही तुमच्या मुलांची आत्या नाही, आणि वीस वर्षांनी फोटो बघणारं कुणी भलतंच असेल. पूर्ण नाव लिहा, बायकांच्या बाबतीत माहेरचं नावही जोडा. देवनागरीत लिहिलेलं चालतं, पण सगळीकडे एकाच लिपीत लिहा, नाहीतर एका माणसाची दोन माणसं होतात.

बहिणी-बहिणी, बापलेक आणि लहानपणचे फोटो यांत सॉफ्टवेअर हमखास चुकतं. म्हणून 'सगळे मान्य करा' हे बटण न दाबता नजर टाकत जा. ओळखू न येणाऱ्या पाहुण्यांसाठी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला लॅपटॉपसमोर बसवा, फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि बोलू द्या. नावं नंतर लिहिता येतील.

पायरी ६ : जुने अल्बम स्कॅन करा

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या कित्येक घरांतले अल्बम पाण्याबरोबर गेले. म्हणून काही पुणेकर कुटुंबांत साठच्या आधीचा एखाद-दुसराच फोटो उरलेला असतो, तोही गावाकडच्या नातेवाइकाकडून परत आलेला. असा एकुलता एक फोटो घरात असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो स्कॅन करा.

सपाट काचेचा स्कॅनर उत्तम. साध्या प्रिंटला ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) चालतं, लहान किंवा महत्त्वाच्या फोटोला ६०० ठेवा. चार बाय सहा इंचाचा फोटो ६०० ला स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलच्या वर, भिंतीवर लावण्याइतका. निगेटिव्ह असतील तर त्यांना बराच जास्त, २४०० डीपीआय तरी लागतो आणि त्यासाठी निगेटिव्हची सोय असलेला स्कॅनर हवा. मोजक्या खास फोटोंची प्रत टिफमध्ये (दर्जा न घटवता साठवणाऱ्या प्रकारात) ठेवा, बाकीच्यांना चांगल्या दर्जाची जेपीजी पुरे.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, "चि. बाळ, वय ६ महिने" अशी शाईतली ओळ, कित्येकदा माणसं ओळखायचा तोच एक पुरावा असतो. काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपऱ्यांत अडकवलेले फोटो अलगद निघतात. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो मात्र ओढू नका, फाटतात. अख्खं पान स्कॅन करा किंवा फोनने काढा. फोनने काढताना गूगलचं फोटोस्कॅन वापरलं तर ते चार-पाच कोनांतून फोटो घेऊन प्लास्टिकवरची चकाकी काढून टाकतं. दर्जा स्कॅनरइतका नसतो, पण दुसऱ्यांच्या घरी चहाला गेल्यावर अल्बम समोर आला तर तेवढं बरं.

स्टुडिओत स्कॅन करून घेणार असाल तर डीपीआय आधी सांगा, फोटो मोजून द्या, मोजून घ्या. आणि हे सगळं पावसाळा सोडून करा. आपल्याकडच्या दमट हवेत निगेटिव्हवर बुरशी चढते. ती डबी एरवीही सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या कपाटात ठेवा.

स्कॅन केलेल्या फाइलीवर आजची तारीख बसते. डिजिकॅममध्ये ती बदलून अंदाजे खरी घाला. फक्त वर्ष माहीत असेल तर १ जानेवारी घाला आणि मजकुरात 'अंदाजे' लिहा.

पायरी ७ : सुधारणा, बेताने

नवख्याने फोनवर स्नॅपसीडपासून सुरुवात करावी. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि घरगुती गरजा जवळजवळ सगळ्या भागतात. आधी सरळ करा, मग कापा, मग उजेड, शेवटी रंग. डाग आणि ओरखडे काढायला त्यात 'हीलिंग' आहे. कॉम्प्युटरवर जास्त काम करायचं तर गिंप फुकट आहे. काही बसवायचं नसेल तर ब्राउझरमध्येच चालणारं फोटोपीया बघा, फोटोशॉप पाहिलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटतं.

सुधारलेली प्रत नेहमी वेगळ्या नावाने ठेवा. जेपीजी दर वेळी नव्याने साठवताना थोडी थोडी खराब होते, तेव्हा सुधारणा मूळ फाइलवरूनच करा, प्रतीच्या प्रतीवरून नाही.

आता एआयने जुने फोटो 'नवे' करून देणाऱ्या अ‍ॅप्सबद्दल. अंधूक चेहरा स्पष्ट होतो तेव्हा घरात सगळे खूश होतात. पण फोटोत जे तपशील नव्हतेच ते अ‍ॅपने अंदाजाने भरलेले असतात: दात, पापण्या, कधी अख्खी हनुवटी. पणजोबांचा म्हणून फ्रेम करून लावलेला चेहरा पणजोबांचा असेलच असं नाही. रंग भरलेल्या फोटोतल्या नऊवारीचा रंगही असाच मनाचा. हौस म्हणून करा, फाइलच्या नावात 'एआय' लिहा, आणि मूळ स्कॅनच्या फोल्डरमध्ये ती मिसळू देऊ नका. अशा अ‍ॅपवर घरातल्या लहान मुलांचे फोटो चढवण्याआधी त्यांच्या अटी वाचा. वाचायचा कंटाळा आला तर चढवू नका.

पायरी ८ : प्रती

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घरगुती भाषेत: टेबलावरची डिस्क, क्लाउड, आणि दुसरी डिस्क चिंचवडच्या बहिणीकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. क्लाउडला एकटं मोजू नका. इथे उडवलं की तिथेही उडतं, हे वर सांगितलंच. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडीपेक्षा (चिपवर साठवणाऱ्या डिस्कपेक्षा) साधी हार्ड डिस्क घ्या. दीर्घकाळ वीज न मिळालेल्या एसएसडीतली माहिती पुसली जाण्याची शक्यता असते.

बहिणीकडची डिस्क दिवाळीला आणि गुढीपाडव्याला अदलाबदल करा, जाणं-येणं होतंच. नवी प्रत केली की वेगवेगळ्या वर्षांतले पाच-सहा फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून बघा. नुसती फाइलींची नावं दिसली म्हणजे त्या धड आहेत असं नाही. डिस्कवर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. आणि सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर-फाइल ठेवा, 'आधी हे वाचा' अशा नावाची: फोटो कसे लावलेत, कुठल्या ईमेलचं खातं आहे, शुल्क कुणाच्या कार्डवरून जातं, दुसरी डिस्क कुणाकडे आहे. पासवर्ड त्यात लिहू नका, तो कुठे लिहून ठेवलाय एवढं घरातल्या एकाला तरी सांगा.